दोघींसाठी केलेला माग

मी एक जुना माग आहे. गालिचे विणायचा माग, भिंतीला पाठ टेकून उभा असलेला. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माग पाहिला नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. दोन जाड खांब, वर एक रूळ, खाली एक रूळ आणि दोन्हींच्या मध्ये ताणून बांधलेले पांढरे दोरे. या दोऱ्यांवर रंगीत लोकरीच्या गाठी मारत गेले की गालिचा खालून वर वाढत जातो.

मला घडवताना घरच्यांनी सुताराला एकच अट घातली होती. समोरच्या फळीवर दोघींना मांडीला मांडी लावून बसता आले पाहिजे. सुतार कामात चोख आणि तोंडाचा फटकळ होता. तो म्हणाला, "दोन बायका एका फळीवर? मग फळी जाड घालतो. भांडणालाही वजन असतं."

त्या दोघी म्हणजे या घरच्या सुना, थोरली आणि धाकटी. थोरली उजव्या अर्ध्यात विणायची, धाकटी डाव्या अर्ध्यात. त्यांचे सासरे, ज्यांना त्या बाबा म्हणत, मागे स्टुलावर बसून नक्षी सांगायचे. नक्षी कागदावर नव्हतीच, ती सगळी बाबांना तोंडपाठ होती. "तीन निळे, एक पांढरा, पाच लाल," असे ते संथ सुरात म्हणत आणि दोघींचे हात एकदमच चालत. एक ओळ भरली की थोरली आडवा धागा घालायची, मध्यावर तो धाकटीच्या हातात द्यायची आणि मग दोघी लोखंडी पंजाने ओळ ठोकून बसवायच्या. धाकटीचा घाव जरा जोराचा पडे. थोरली मग आपल्या हाताचा जोर वाढवायची, कारण घाव सारखे पडले नाहीत तर गालिचा एका बाजूला चढतो.

आमच्या गालिच्यांचे नाव होते. डावीकडे जे फूल, तेच उजवीकडे. मध्यावर घडी घातली तर पाकळीवर पाकळी बसायची. लोक म्हणायचे, हे दोघींचे काम वाटतच नाही. ही स्तुती ऐकली की थोरली खुलायची आणि धाकटी उगाच लोकरीचे गुंडे आवरायला लागायची. तिच्या माहेरीही विणकाम होते, पण तिथे तिला कुणी रंग सांगत नसे. मी लाकूड असलो तरी ठोकळा नाही. तिला काय सलते आहे, हे मला कळत होते.

एकदा बाबा "लाल, लाल, सगळं लाल" म्हणत असताना धाकटीच्या बोटांनी तपकिरी लोकर उचलली. चारपाच दिवसांत तिच्या बाजूला, फुलांच्या वेलीशेजारी, एक शेळी उभी राहिली. फुलांकडे पाठ करून मान मागे वळवलेली, एक कान खाली पडलेला. बाबांची नजर अधू झालेली, त्यांना काही दिसले नाही. थोरलीला मात्र पहिल्याच दिवशी दिसले होते. आपल्या बाजूला ती लाल गाठीच मारत राहिली. मित्रांनो, खरे सांगतो, त्या दिवसांत धाकटीच्या बोटांचा जो हलकेपणा माझ्या दोऱ्यांना जाणवला, त्यासाठी मी अजून झुरतो.

मग धाकटी दोन दिवस माहेरी गेली. थोरलीने टोकदार लोखंडी आकडा घेतला, आपल्या बाजूच्या लाल गाठी एकेक करून उपसल्या आणि तिथे तशीच शेळी विणली. बोटे सोलवटून निघाली तिची. धाकटी परत आली तेव्हा दोन शेळ्या समोरासमोर उभ्या होत्या.

"हे काय केलंत, जाऊबाई?"

"अगं, एकाच बाजूला असती तर चूक दिसली असती. दोन्हीकडे असली की नक्षी होते. आता कुणी तुला बोलणार नाही."

धाकटीने त्या नव्या शेळीच्या पडलेल्या कानावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "चूक तर चूक. पण माझी होती ना ती."

थोरलीला काही उमजेना. बिचारीने जीव तोडून मदत केली होती आणि आभाराऐवजी हे पदरात पडले. मला दोघींचीही दया येत होती, आणि माग बोलू शकत नाही याची त्या दिवशी फार चीड आली.

पुढे तर कमालच झाली. आमचे गालिचे घेणाऱ्या व्यापाऱ्याला शेळ्या आवडल्या आणि प्रत्येक गालिच्यात त्या हव्या झाल्या. बाबांनी थोरलीकडून गाठी मोजून घेऊन कौतुकाने शेळी पाठ केली. "आता शेळीचा कान, दोन तपकिरी, एक काळा," असे ते सांगत आणि धाकटी आपलीच शेळी दुसऱ्याच्या तोंडून ऐकून विणत बसे. तिचा पंजाचा घाव दिवसेंदिवस हलका होत गेला. थोरली आपला हात आवरून त्याच्याशी जुळवून घेत राहिली.

शेवटी एका गालिच्यात धाकटीने शेळी विणलीच नाही. तिथे नुसते लाल सोडले. व्यापारी गालिचा उलगडून म्हणाला, "एक शेळी कुठे गेली?"

"चरायला गेली असेल," थोरली पटकन म्हणाली.

कुणी हसले नाही. व्यापारी गेल्यावर बाबांनी धाकटीला समोर बसवले. ते रागावले नव्हते, थकले होते. "पोरी, दोन हात दोन दिशांना गेले की गालिचा वाकडा होतो. मी काय हौसेनं तुला बांधून ठेवतोय?"

"नाही, बाबा. पण मला एकटीचा माग हवाय. लहानसा चालेल."

"आणि हा कोण चालवणार?"

तेव्हा थोरली म्हणाली, "द्या तिला. मी बघते इथलं." ती हे अगदी सहज बोलली. पण नंतर माझे दोरे नीट करताना तिने एकच दोरा तीनदा सोडून बांधला.

धाकटीच्या नवऱ्याला दुसऱ्या गावी काम मिळालेलेच होते. एक लहानसा माग घेऊन दोघे तिकडे गेले. थोरलीने काही दिवस एकटीने माझ्यावर विणून पाहिले. अर्धी ओळ या टोकाला बसून, अर्धी त्या टोकाला सरकून. बाबा सांगत आणि ती त्या टोकाला पोचेपर्यंत सांगितलेला रंग स्वतःच विसरून जात. एक गालिचा जेमतेम झाला, तोही उजवीकडे चढलेला. मग माझे दोरे उतरले. माझ्या रुळावर ओले टॉवेल वाळू लागले, फळीवर बटाटे आले. टॉवेल झटकताना थोरली कधीतरी माझ्या खांबावर हात ठेवून उभी राही, तेवढाच काय तो आधार.

बाबा गेले तेव्हा धाकटी आली होती. पाहुणे पांगल्यावर दोघी बटाटे बाजूला सारून फळीवर बसल्या, आपापल्या जागी.

"काय विणतेस तिकडे?" थोरलीने विचारले.

"मनात येईल ते."

"छान. आणि शेजारी कोण असतं?"

"भिंत," धाकटी म्हणाली. मग तिने विचारले, "तुम्ही का नाही विणत आता? सांगणारं कुणी नाही. हवं ते विणा की."

थोरली हसली. "मला काय हवं ते सुचतच नाही गं. जन्मभर ऐकूनच विणलंय."

दुसऱ्या दिवशी धाकटी निघून गेली. पुन्हा कधी येईन, हे ती बोलली नाही, आणि थोरलीनेही विचारले नाही.

पण त्या उन्हाळ्यात थोरलीने मला पुसले, नवे दोरे चढवले, तेही या टोकापासून त्या टोकापर्यंत. आठवडाभर ती नुसती समोर बसून राही. लोकर हातात घ्यायची, खाली ठेवायची. मग एके सकाळी तिने विणायला घेतले. काय असेल? इतक्या वर्षांच्या वेलीफुलांनंतर, मित्रांनो, तिने विणला एक नळ. खाली भरलेली बादली, पाणी काठावरून सांडते आहे आणि बंद करायला कुणी नाही. नळ जरा वाकडाच आहे. मी आजवर अंगावर वागवलेल्या सगळ्या गालिच्यांत मला तो लाडका आहे.

ती विणते ती फक्त तिच्या उजव्या अर्ध्यात. आडवा धागा मध्यावर नेते आणि तिथूनच मागे वळवते. डावीकडे नुसते दोरे आहेत. आता तिचे काम इतके उंच आले आहे की बसल्या जागी हात पोचत नाही. खालचा रूळ फिरवून विणलेले गुंडाळून घ्यायला हवे, पण उजवा अर्धा भरलेला आणि डावा रिकामा असताना रूळ फिरवला तर डावीकडचे दोरे ढिले पडतील. हे तिला ठाऊक आहे. ती रोज येऊन माझ्यावरची धूळ झटकते, आपल्या बाजूला बसते आणि उठून जाते. धाकटीला निरोप धाडत नाही. आपल्यासाठी कुणाला बोलवायचे असते, हेही ती शिकलेली नाही.

म्हणून तुम्हाला विनवतो. तुमच्या घरात कुणी आपले वेगळे काही करू पाहत असेल, तर ते पुसू नका आणि मायेपोटी त्याला जोडही लावू नका. जमले तर शेजारी बसा आणि आपले काम करा. आणि तुमच्यापैकी कुणी त्या गावी गेलेच, तर धाकटीला एवढे सांगा, की थोरलीचे काम अडले आहे, डावी बाजू मोकळी आहे आणि तिथे काय विणायचे ते कुणीही ठरवलेले नाही.