साडेतीन मिलिमीटरची घरं

शहरात काही मोठं उभं राहायचं असलं, की ते आधी मॉडेलवाल्याच्या टेबलावर उभं राहायचं. नदीवरचा दुसरा पूल, नवं इस्पितळ, न्यायालयाची काचेची इमारत, सगळ्यांनी डोळे उघडले ते छापखान्याच्या माळ्यावरच्या त्याच्या लांबट खोलीत, डिंकाच्या आणि कापलेल्या प्लायवुडच्या वासात. एकोणतीस वर्षं तो हेच करत होता. बोटं त्याची जाडजूड, पोती उचलणाऱ्याची असावीत तशी. पण त्यांत चिमटा आला की मुंगीच्या पायात जोडा घालतील इतकी हळुवार व्हायची.

या धंद्याचे काही नियम असतात. ते कुठे लिहिलेले नसतात, हाताकडून हाताकडे येतात. त्याच्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात त्याला सांगून ठेवलं होतं: जे बांधायचंय त्याला खिडक्या द्यायच्या, दारं द्यायची, आत दिवे द्यायचे. जे आजूबाजूला आधीपासून आहे ते नुसते पांढरे ठोकळे, म्हणजे नजर जिथे जायला हवी तिथेच जाते. आणि पाच मिलिमीटरपेक्षा बुटकं काहीही करायचं नाही.

"बुटकं केलंस तर टेबलावर चुरा सांडल्यासारखं दिसतं," उस्ताद म्हणाले होते. "झटकताना निघूनही येतं. सोडून द्यायचं. अन् जिथे उघडंबोडकं दिसेल तिथे झाडं लावायची. झाडाला कुणी नको म्हणत नाही."

शहराच्या फुटबॉल क्लबसाठी नवं स्टेडियम बांधावं की नाही, यावर वर्षभर घरोघरी भांडणं चालली होती. महापालिकेत मतदान व्हायचं होतं, आणि त्याआधी सभासदांना दाखवायचं मॉडेल करायचं काम त्याच्याकडे आलं. प्रमाण हजाराला एक. खऱ्या एका मीटरला टेबलावर एक मिलिमीटर. स्टेडियम बत्तीस मिलिमीटर उंच भरलं, दुमडलेल्या पाकळ्यांसारखं छप्पर, आत तांदळाच्या कणीएवढे दिवे.

त्याच्या ताईची गल्ली साडेतीन मिलिमीटर भरली.

एकेचाळीस घरं, सगळी एकमजली, जुन्या रेल्वे यार्डाच्या भिंतीला पाठ लावून बसलेली. स्टेडियम यार्डात व्हायचं होतं, गल्लीवर नाही. गल्लीवर नकाशात फिक्या हिरव्या रंगाचा पट्टा होता आणि त्यात लिहिलं होतं, 'वृक्षराजी'.

ताईची पुढची खोली म्हणजेच तिचं शिवणाचं दुकान. निम्मी खोली कापायच्या टेबलाने खाल्लेली, उरलेल्या निम्मीत मशीन, इस्त्री आणि तीन खुर्च्या. रस्त्याच्या अंगाला एक बुटकी खिडकी. येणारे जाणारे त्या खिडकीतून पँट आत टाकायचे, "दोन बोटं कमी करा हो," असं ओरडायचे आणि पुढे जायचे. संध्याकाळी परत येऊन त्याच खिडकीतून घेऊन जायचे. आत यायचीही गरज नाही, इतका विश्वास.

आई गेली तेव्हा ताई पंधरा वर्षांची आणि तो सहाचा. काड्यापेट्यांची घरं रचत तो कोपऱ्यात बसायचा, आणि ती मशीन चालवताना त्याच्यावर गाणं जुळवायची:

भाऊ माझा गं गवंडी, बांधी कागदी बंगला
बहीण मावेना आत, म्हणून रुसून बसला

गल्लीने त्याचं नाव ठोकळ्या पाडलं ते तेव्हाच. आता तो पन्नाशीचा झाला, डोक्यावर टक्कल पडलं, तरी गल्लीत शिरला की पहिल्या ओट्यावरून हाक यायची, "काय ठोकळेराव, आज कुणाचा महाल?"

रविवारी दुपारी तो ताईकडे जेवायला असायचा. भावजी शहर बसचे ड्रायव्हर आणि क्लबचे जन्माचे भक्त. सुरुवातीला ते स्टेडियमच्या बाजूने छाती पुढे काढून भांडले.

"जुन्या मैदानाचं छप्पर गळतं ते नेमकं माझ्या सीटवर," भावजी म्हणायचे. "तिकीट मॅचचं काढतो, वर आंघोळ फुकट."

"मग छप्पर दुरुस्त करा म्हणावं," ताई तोंडातली टाचणी काढून म्हणाली.

"तुला नाही कळायचं. नवं स्टेडियम झालं नाही तर क्लब दुसऱ्या शहरात निघून जाईन म्हणतोय."

"जाऊ द्या की. चौदा वर्षांत गोलच्या दिशेने तरी कुठे गेलाय तो?"

मॉडेलवाला ताटावर वाकून हसला. भावजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू या घरात मेहुणा म्हणून एक घरभेदी पोसलाय.

मग एक दिवस दारोदार पत्रं आली. सोबत नकाशा. भावजींनी तो चष्मा पुसून तीनदा पाहिला.

"म्हणजे खेळ आपल्या घरावर होणारसुद्धा नाही?" ते म्हणाले. "पेनल्टी एरिया आला असता तर एक वेळ मनाची समजूत घातली असती. नुसती झाडं?"

कुणी हसलं नाही. बदल्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला सहाव्या मजल्यावर जागा मिळणार होती. सहाव्या मजल्याच्या खिडकीतून पँट कोण आत टाकणार, हे ताई कुणाला विचारत बसली नाही. ती फक्त भावाला म्हणाली, "मॉडेल दाखवतात तेव्हा तू तिथे असतोस ना रे?"

"असतो. दिवे लावावे लागतात. एखादा तुकडा निघाला तर चिकटवावा लागतो."

"आमचा अर्ज गेलाय, सगळ्यांच्या सह्या आहेत. पण कागद काय, फायलीत झोपतो. तू उभा असशील. कुणी विचारलं तर तेवढं सांग बाबा, की इथे माणसं राहतात."

"सांगेन की. त्यात काय."

आणि त्याला खरंच वाटत होतं, त्यात काय. मॉडेल करणं म्हणजे बांधणं नव्हे, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. मतं सात विरुद्ध सात होती, शहराला ठाऊक होतं. पंधरावं मत एका सभासद बाईंचं. त्या पूर्वी शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणायचे. त्यांचं काही ठरलेलं नव्हतं.

सहा आठवडे तो टेबलावर वाकून होता. तारेचं खोड, रंगवलेल्या स्पंजच्या चुऱ्याची पालवी, एकेक झाड चिमट्यात धरून डिंकात बुडवायचं आणि भोकात उभं करायचं. हिरव्या पट्ट्यात दोनशे दहा झाडं बसली. सगळी सारखी लावली तर खोटी दिसतात, म्हणून त्याने काही वाकडी केली, काही दाटीने लावली, दोन ठिकाणी सावलीपुरती जागा सोडली. काम सुरेख झालं. आपल्या हातून इतकं चांगलं काम बऱ्याच दिवसांत झालं नाही, हे त्याचं त्याला कळलं, आणि तो सुखावला. त्या सुखाची आठवण पुढे त्याला सगळ्यात जास्त टोचली.

दाखवायच्या दिवशी सकाळी अकराला सभागृहाशेजारच्या खोलीत पंधरा सभासद टेबलाभोवती उभे राहिले. बाहेरच्या कुणाला आत घेतलं नव्हतं. आर्किटेक्ट हातात बारीक काठी घेऊन बोलत होता, मॉडेलवाला भिंतीपाशी बटणावर अंगठा ठेवून उभा होता. "दिवे," आर्किटेक्ट म्हणाला. याने बटण दाबलं. पाकळ्यांच्या आत उजेड फुलला आणि पंधरा जणांच्या तोंडून एकच हुंकार निघाला.

मंडळी चहाकडे वळली. बाई तेवढ्या मागे राहिल्या. टेबलाला वळसा घालून त्या यार्डाच्या भिंतीपाशी आल्या, चष्मा कपाळावर सरकवून वाकल्या, आणि हिरव्या पट्ट्यावर बोट धरलं. टेकवलं नाही, नुसतं वर धरलं.

"इथे आत्ता काय आहे हो?"

विचारलं त्यालाच. जवळ दुसरं कुणी नव्हतं.

तो पुढे झाला. त्याने पाहिलं ते बाईंच्या बोटाखाली. कडेचं एक झाड किंचित कललेलं होतं. डिंक नीट धरला नसावा. सहा आठवडे तो हाच कोपरा वरून बघत आला होता. तिथे काय आहे, हे त्याच्या हातांना डोळ्यांआधी ठाऊक होतं.

"तिथे काही नाही, बाई," तो म्हणाला. "झाडंच आहेत."

आणि झाड सरळ केलं.

बाई लगेच हलल्या नाहीत. दोन श्वासांएवढा वेळ त्या तशाच वाकून राहिल्या. तेवढ्यात त्याला आठवलं. ओटे आठवले, खिडकी आठवली, इस्त्रीची वाफ आठवली, ताईच्या तोंडातली टाचणी आठवली. अजून बोलता आलं असतं. बाई, चुकलो, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण आर्किटेक्ट चहाचा कप घेऊन आला, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "बाई, यांच्या हाताला तोड नाही." बाईंनी चष्मा खाली ओढला, "खरंय," म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

दुपारी तो वायरी गुंडाळत असताना शेजारच्या सभागृहात बाकं वाजली. आठ विरुद्ध सात, स्टेडियमच्या बाजूने.

आठ दिवस त्याने अंथरुणाला पाठ लावली तीही नावापुरती. पुढचा रविवार चुकवला, कामाचं कारण सांगितलं. मग एका सकाळी बाईंच्या कचेरीत जाऊन उभा राहिला. टोपी हातात चुरगळत त्याने सांगितलं, की तिथे घरं आहेत, एकेचाळीस, त्यातलं एक बहिणीचं. आमच्यात पाच मिलिमीटरच्या आतलं करत नाहीत, म्हणून ती दिसली नाहीत. मी चुकीचं बोललो.

बाईंनी त्याला बसायला सांगितलं.

"ती गल्ली मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माझी शाळा यार्डाच्या अलीकडेच होती. त्या खिडकीतून मी माझा कोट सैल करून घेतलाय."



"मग विचारलंत कशाला?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. क्लब गेला तर गेला, असं म्हणायची हिंमत मला होत नव्हती. शाळेतली पोरं त्या क्लबची नावं पाठ करत मोठी झालीत. घरं पाडा म्हणायचीही हिंमत नव्हती. अर्ज मी वाचला होता. पण खोलीत कुणी एक जण हाडामासाचा म्हणाला असता ना, की बाई, माणसं आहेत इथे, तर मी त्याचा हात धरून सभागृहात बोलले असते." त्यांनी टेबलावरचे कागद उगाच सरळ केले. "दोष तुम्हाला देत नाही. तुमच्यामागे लपले, एवढंच. शोभलं नाही मला ते."

"आता काही?"

"आता नाही."

तो उठला. येताना त्याला वाटत होतं, अपराध एकट्याचा आहे. निघताना तो वाटून घेतला गेला होता, पण अर्धा झाल्यासारखा काही वाटेना.

ताईकडे तो तसाच गेला. भर दुपार होती, गल्लीत कपडे वाळत होते. ताई दारातच भेटली, हातात मोजायची टेप.

"बरा आलास. नव्या जागेचं दार पाहून आले मी. हे टेबल जातंय का नाही, बघू या. धर ते टोक."

त्याने टोक धरलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाईंचं बोट, कललेलं झाड, आपण काय बोललो ते, शब्दन् शब्द. आतल्या खोलीत भावजी मॅच ऐकत होते. त्यांनी रेडिओ बंद केला.

ताई टेबलाच्या कडेला हात टेकून ऐकत होती.

"झाडंच आहेत, म्हणालास?"

"हो."

"त्याच्या आदल्याच रविवारी इथे जेवलास ना रे तू?"

त्याने मान खाली घातली. तिने आवाज चढवला असता, हाताला लागेल ते फेकून मारलं असतं, तर तो तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला असता. पण तिने तसं काही केलं नाही. खिडकीतून कुणीतरी एक झगा आत सारला आणि, "चेन बदला हो ताई!" असं म्हणून पुढे गेलं. तिने झगा उचलला, घडी केली, बाजूला ठेवला.

"मला वाटलं होतं तू विसरशील," ती म्हणाली. "किंवा घाबरशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पण आम्ही तुला दिसलोच नाही, हे मनात आलं नव्हतं." मग नेहमीच्याच आवाजात, "धर ते टोक. काम तर करायला पाहिजे."

या वेळी त्याने धरलं. त्यांनी टेबलाची रुंदी मोजली. एकोणतीस वर्षं मापांत गेलेला माणूस तो. या घरात पडद्यापासून कपाटापर्यंत त्याने सांगितलेला आकडा म्हणजे शेवटचा शब्द असायचा.

"एकशे अठरा," तो म्हणाला. "दार एकशे पाचचं असेल तर कापावं लागेल, ताई."

ताईने गळ्यात लटकलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला आली, आणि त्याच्या अंगठ्याखालचा आकडा वाकून स्वतः वाचला.