बरणीतलं पाणी

पंचाहत्तर सालच्या उन्हाळी सुट्टीत आमच्या परभणीच्या शाळेत तीन दिवसांचं नाट्यशिबिर भरलं आणि त्याची सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात पडली. मी मराठीचा मास्तर. नाटक म्हटलं की व्यंकटराव, हे हेडमास्तरांनी परस्पर ठरवून टाकलेलं. तेव्हा गाद्या, चहा, फळा, खडू, पाहुण्यांचे रुसवेफुगवे, सगळं व्यंकटराव बघतील. पहिल्या दिवशी अभिनयावर व्याख्यान झालं, त्यात निम्मे लोक झोपले. दुसऱ्या दिवशी नेपथ्य झालं, त्यात उरलेले झोपले. मे महिन्यातली परभणी आणि डोक्यावर पत्रे. नावं तरी कुणाला ठेवायची?

तिसऱ्या दिवशी मात्र हॉल गच्च भरला. विषय प्रकाशयोजना, शिकवणारे पुण्याचे सातपुते, आणि मिठाच्या पाण्याचा डिमर ते प्रत्यक्ष करून दाखवणार होते. विकतचा डिमर आमच्याकडच्या हौशी मंडळांनी चित्रातसुद्धा पाहिला नव्हता. लोणच्याची मोठी बरणी घ्यायची, तिच्यात मिठाचं पाणी भरायचं, तळाशी एक पत्रा, वर दोरीला बांधलेला दुसरा. दोन्हींना वायरी. वरचा पत्रा खाली सोडला की दिवा उजळतो, वर ओढला की मंदावतो. नाटकात दिवस उगवायचा की मावळायचा, ते दोरीवर बसलेल्या माणसाच्या हातात. यात माणूस मरू शकतो, हे मात्र कुणी फारसं बोलत नसे.

सत्र सुरू व्हायच्या आधी दारात एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची असेल. धुऊन धुऊन विटलेलं निळं लुगडं, मोकळं कपाळ, पायांवर वाटेची धूळ.

“मास्तर, झरीचं मंडळ हितंच आलंय का?”

“हो. पण हे मंडळाच्या लोकांसाठी आहे, बाई.”

“माजा मालक मंडळातच व्हता. चंद्रभान. दोरीवर त्योच बसायचा.”

“मग ते कुठं आहेत?”

“दोरीवरच गेला की. गेल्या साली, चैताच्या जत्रंत.”

ती बातमी परभणीला आली होती: झरीत एक माणूस दारू पिऊन डिमरवर बसला आणि बरणीवर पडून मेला. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार.

“तुमी बी ऐकलंय न्हवं?” ती म्हणाली. “बापासंगं नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेला मानूस हो त्यो. रोज पंचशील म्हनायचा, दारूला कदी शिवला न्हाई. मेला ते मेला, वर दारुडा ठरला. माज्या पोरीला वस्तीतली लेकरं बी दारुड्याची म्हनायलीत. मला नाटक शिकायचं न्हाई, मास्तर. पुन्याच्या साहेबाला एकच इचारायचंय.”

नियम सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तिचं नाव मनकर्णा. मी तिला मागच्या बाकावर जागा करून दिली.

पुढच्या ओळीत झरीचे दत्तराव बसले होते. गावातले मोठे जमीनदार आणि मंडळाचे अध्यक्ष. चंद्रभान पिऊन होता, असं पंचनाम्याच्या वेळी सांगणारे तेच. शेजारी त्यांचा पुतण्या किशनराव. मंडळाच्या प्रत्येक नाटकात नायक हाच, दिसायला तसाच देखणा. पण तीन दिवस त्यानं तोंडातून शब्द काढला नव्हता. चहासुद्धा नको म्हणायचा, आणि आमच्याकडे चहा नको म्हणणारा माणूस आजारी तरी असतो नाहीतर अडचणीत.

सातपुत्यांनी बाह्या दुमडल्या आणि बरणी टेबलावर ठेवली. माणूस समजावून सांगण्यात वाकबगार होता. मीठ किती, पत्रे कसे, वायर कुठली, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. मग म्हणाले, “पाणी तापतं आणि आटतं. तिसऱ्या अंकापर्यंत बरणी बरीच खाली जाते आणि दिवा दगा देतो. तेव्हा नवं पाणी घालावं लागतं.”

मागून आवाज आला. “पानी कुनी घालायचं?”

सगळ्या माना मागं वळल्या. मनकर्णा उभी होती. दत्तरावांनी तिला आत्ता पाहिलं.

सातपुत्यांना प्रश्न आवडला. “फार महत्त्वाचं विचारलंत. जो डिमरवर बसलाय, त्यानंच. आधी बटण बंद, मग पाणी. दुसऱ्या कुणाचा हात बरणीला लागता कामा नये. बटण एकाच्या हातात आणि पाणी दुसऱ्याच्या, असं करणं म्हणजे जिवाशी खेळ. असं कुणी करतही नाही.”

“आमच्या गावात करत्यात,” मनकर्णा म्हणाली. “बरणीत मारुतीच्या आडाचं पानी भरत्यात. त्या घागरीला आमचा हात चालत न्हाई. वायर जोडायला माजा मालक चालायचा, पानी वतायला दुसरा लागायचा.”

पुण्याच्या माणसाला हे उमगायला वेळ लागला. पुण्यात असलं काही नसतं असं नाही, पण तिथं ते डिमरच्या बरणीपर्यंत पोचलं नसावं. आमच्या लोकांना मात्र लगेच कळलं आणि जो तो आपल्या पायांकडं बघू लागला.

“मग त्या दिवशी पाणी कोण घालत होतं?” सातपुत्यांनी विचारलं.

दत्तराव उठले. “साहेब, ही शाळा हाय का चावडी? तुमी शिकवायचं काम करा. ती बाई मंडळाची मेंबर न्हाई.”

“मी घालत व्हतो,” किशनराव म्हणाला.

“किशन, खाली बैस.”

तो बसला नाही. बाकाची कड दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. स्टेजवर या गड्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायचा. आता पहिल्या ओळीलाही कान द्यावा लागत होता.

“तिसऱ्या अंकात पानी उतरलं. त्यानं मला हाक मारली. मी पितळी घागर घिऊन गेलो. त्यो म्हनला, थांबा मालक, बटन बंद करतो. मी थांबलो न्हाई. मला लगीच स्टेजवर जायचं व्हतं. घागर पत्र्याला लागली अन् करंटनं मला धरलं. चंद्रभाननं दोन्ही हातांनी मला ढकललं. मी लांब पडलो. बरणी आडवी झाली, समदं खारं पानी त्येच्या पायाखाली गेलं.” तो थांबला, मग चुलत्याकडं वळला. “दारूचा वास आला म्हनून पंचांनी मान डोलावली. वास माजा व्हता, काका. तुमाला ठावं व्हतं.”

मला रडू आलं. सांगायला संकोच कसला? सातपुत्यांच्या हातातला खडू तसाच राहिला होता.

मनकर्णा रडली नाही. वर्षभर रडून झालं असेल. बाकांमधून चालत ती किशनरावासमोर येऊन उभी राहिली.

“त्यो पिऊन न्हवता ना?”

“थेंब न्हाई.”

“मग हे झरीत बोला. पारावर. हितं त्याला कोन वळखतंय?”

दत्तराव धोतराचा सोगा सावरत बाहेर गेले. त्यांची जीप फाटकाशी उभी होती. तिथून त्यांनी हाक दिली, “किशन, जीपमधी बस!” किशनराव बाहेर आला, जीपकडं पाहिलं आणि तिच्या शेजारून एसटी स्टँडच्या वाटेला लागला. मनकर्णाही निघाली. मी हेडमास्तरांना सांगितलं, समारोप आणि आभार तुम्ही उरका. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना काहीतरी काम लागलं. मी त्या दोघांच्या मागं निघालो. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्याला वाटेत एकट्याला सोडू नये, एवढंच वाटत होतं.

एसटीत ती पुढं बसली, तो मागं. झरी आल्यावर तिघं सोबतच पाराकडं निघालो.

उन्हं उतरली होती. मारुतीच्या देवळापुढं पारावर नेहमीची माणसं बसलेली, आणि मधोमध दत्तराव. जीप आमच्या आधी पोचली होती. मनकर्णा वस्तीवर गेली आणि आपल्या मुलीला हाताला धरून घेऊन आली. आठ-नऊ वर्षांची पोर, बापासारखी असेल, आईसारखी नव्हती. मनकर्णाच्या दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिच्यामागून वस्तीतली माणसंही आली आणि पारापासून जरा अंतर राखून उभी राहिली.

किशनराव पाराच्या पायरीशी उभा राहिला. ओठ हलले, शब्द निघेना. जीभ फिरवली, घसा खाकरला, पुन्हा तेच. पारावर दत्तराव स्वस्थ बसून होते. पुतण्याचं धाडस इथवरच, असं त्यांनी मनात धरलं असावं. खरं सांगायचं तर मीही तेच धरून चाललो होतो.

किशनरावाची नजर तांब्यावर गेली. “वैनी,” तो म्हणाला, “घोटभर पानी द्या.”

पारावरचा एक म्हातारा गडबडून उठलाच. मारुतीसमोर, वस्तीच्या तांब्यातलं! माझ्या मनात आलं, आता ही देईल, तो पिईल, सगळ्यांचे डोळे भरतील आणि ज्यासाठी आलो ते राहूनच जाईल.

मनकर्णानं तांब्या छातीशी धरला.

“आदी बोला,” ती म्हणाली.

किशनराव पाराकडं वळला. “चंद्रभान पिलेला न्हवता,” तो म्हणाला. आवाज फाटला, तरी तो थांबला नाही. “पिलेला मी व्हतो. त्यानं मला थांब म्हनलं, मी ऐकलं न्हाई. त्यानं मला हात लावला म्हनून मी जित्ता हाय.”

दत्तराव देवळाकडं तोंड करून बसले.

मनकर्णानं मुलीला जवळ ओढलं. “ऐकलंस?”

मुलीनं मान हलवली.

“समदं?”

“समदं.”

मग तिनं तांब्या पुढं केला.