बाईंचा भाऊ

मी फटकळ आहे, हे आधीच सांगते. टेलिफोन एक्सचेंजात आम्ही अठरा जणी बोर्डावर बसायचो, आणि नियम असा की बाईचं लग्न झालं की तिची नोकरी संपली. पुरुषांना हा नियम नव्हता. त्यांची लग्नं म्हणे कामाच्या आड येत नाहीत!

आमच्यावर देखरेखीला मोठ्या बाई. वीस वर्षं नोकरी झालेली, चेहरा कायम इस्त्री केल्यासारखा. घरी त्या आणि त्यांचा आजारी भाऊ, एवढंच आम्हाला ठाऊक. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं चोरून लग्न केलं, तर बाईंनीच ते साहेबांना कळवलं. संध्याकाळी ती डबा उचलून घरी गेली, ती कायमची. तेव्हापासून बाई माझ्या डोक्यात गेल्या होत्या.

एका दुपारी इस्पितळातून बाईंसाठी फोन आला. मी तो त्यांच्या टेबलावर जोडून दिला. जोडल्यावर आवाज नीट जातो ना, हे क्षणभर ऐकायचं, अशी आमची पद्धत. तेवढ्यात कानावर पडलं, "तुमचे मिस्टर मघाशी गेले."

मी कळ खाली केली आणि मागे वळून पाहिलं. बाईंनी फोन ठेवला, पेन उचललं आणि हजेरी लिहायला घेतली. रडायची सोयच नव्हती. पेन्शनला तीन वर्षं उरलेली, आणि नवरा गेला म्हणून रडल्या असत्या तर उद्या त्यांनाच घरी बसवलं असतं.

खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं. करावं तसं भरावं, म्हटलं. मग पाहिलं, तर पेन कागदावर नुसतंच टेकलेलं. मलाच गलबलून आलं.

मी हेडफोन काढून ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, बाईंचे भाऊ गेले."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला काय कळलंय ते त्यांना कळलं. मग टेबलावर डोकं टेकून त्या ओक्साबोक्शी रडल्या. सगळ्या पोरी त्यांच्याभोवती जमल्या, कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. बोर्डावरचे दिवे लागत राहिले, कुणी बघितलं नाही.

साहेब धावत आले. भाऊ गेला तर तीन दिवसांची रजा मिळते, ती त्यांनी लगेच मंजूर केली. बाई गेल्यावर मला हळूच म्हणाले, भावासाठी कुणी इतकं रडतं का?

"लाडका होता, साहेब," मी म्हणाले आणि हेडफोन परत कानाला लावला.