मुक्कामापर्यंत न सोडायची गाठ

माझे सासरे खोकी ठोकत, त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचे हे, ती सुतळीने आवळत, आणि त्या दोघांच्या तालमीत वाढलेला माझा मुलगा त्यांवर चिकटपट्टीचे वेटोळे घालतो. तीन पिढ्या आम्ही लोकांचे संसार बांधून परगावी धाडले. आमच्या घराण्याचा दंडक एकच: बांधलेले ओझे मुक्कामी पोचल्यावर मालकासमोरच सोडायचे. अशा घराण्यात माझा नातू जन्मला. घरात त्याला राजे म्हणतात. कामाकडे पाहण्याची त्याची दृष्टी पाहता ते योग्यच आहे.

राजांना दुकान नको होते. त्यांना डोंगरात पर्यटक फिरवायचे होते, म्हणजे धडधाकट माणसांना शुल्क आकारून दमवायचे. मी वाद घालत नाही, निकाल देते. एकट्याने, सारे सामान पाठीवर घेऊन, दिवस मावळायच्या आत खिंडीपलीकडच्या विश्रामगृहात पोचायचे. पोचला तर मोकळा. नाही तर दुसऱ्या दिवसापासून बांधणीच्या टेबलापाशी उभे राहायचे. मी स्वतः पलीकडून जीपने जाऊन तिथे बसणार होते.

सॅक मात्र त्याने पाहण्यासारखी बांधली. जड वस्तू तळाशी, या न्यायाने पाण्याच्या बाटल्या सर्वांत खाली. त्यांवर खाण्याचे डबे. ते हलू नयेत म्हणून भोवती कपडे आणि रेनकोट गच्च कोंबलेले. वरून सुतळी, तिच्यावर चिकटपट्टी. माझ्या मुलाने मूठ मारून पाहिली आणि त्याचा ऊर भरून आला.

पुढचे सारे मला नातवानेच सांगितले. अर्ध्या चढावर घसा सुकला, तेव्हा त्याचा हात गाठीकडे गेला आणि दंडक आठवून मागे आला. राजे ओढ्याकाठी पालथे पडून पाणी प्यायले. पोटात कावळे ओरडू लागले, त्यांची त्याने समजूत घातली. मग गारा आल्या. आमचा वंशज कोरडा रेनकोट पाठीवर घेऊन गारांचा मार खात बसला. पाय बधिर झाले, ऊन कलले, आणि त्याला डोळ्यांसमोर बांधणीचे टेबल दिसू लागले.

तेवढ्यात खिंडीकडून एक दंतवैद्य बाई उतरत आल्या. रेनकोट नाही का, असे त्यांनी विचारले. आहे, तो म्हणाला.

"मग घाल की."

"आमच्यात गाठ मालकासमोरच सोडतात."

"मालक कोण?"

त्याने पाठीवरची सॅक चाचपली.

"सावकाश विचार कर. मी निघते, भिजतेय."

हा प्रश्न तीन पिढ्यांत कोणाला पडला नव्हता, कारण स्वतःचे सामान आम्ही कधी कोठे नेलेच नव्हते. राजांनी सुतळी दातांनी तोडली. सुरी अर्थातच आत होती.

शेवटच्या उजेडात तो माझ्यासमोर उभा राहिला. माझी नजर कुरतडलेल्या सुतळीवर गेली.

"गाठ कोणी सोडली?"

"मालकाने."

दात वाजत होते, पण मान ताठ होती. खोट काढायला मी खिडकीबाहेर पाहिले. शिखरावर अजून ऊन होते. निकाल माझाच, तो मलाच पाळावा लागला.

जीप उताराच्या तळाशी उभी होती, आणि सकाळी तो चढ मिरवत चढलेल्या माझ्या गुडघ्याने आता उठायला नकार दिला. माझा शब्द घरात सगळे पाळतात. गुडघा तेवढा पाळत नाही. राजांनी सॅक छातीवर घेतली आणि मला पाठीवर. लहानपणी हा मुलगा बाजारातून एक पाऊल चालत येत नसे. मीच त्याला कडेवर घेऊन येई, आणि तो उपकार वर्षानुवर्षे, विशेषतः पाहुण्यांसमोर, त्याला ऐकवत आले होते.

तो कोठेही न टेकता उतरला. जीपपाशी त्याने मला अलगद खाली ठेवले.

"फिटलं का, आजी?"

मी चष्मा सारखा केला.

"सगळं फिटलं."