बन्सीधरच्या स्लॅबवरची टिटवी

मी पेडगावच्या शिवारातली टिटवी. आधीच सांगते, मला हळू बोलता येत नाही. आमच्यात कुणालाच येत नाही.

माझं बालपण ढेकळांत गेलं. तेव्हा ज्वारी निघाली की रान उन्हाळाभर तसंच पडून असायचं. आई चार खडे इकडंतिकडं सरकवायची आणि अंडी घालायची. तीही खड्यांसारखीच, कुणाच्या नजरेत यायची नाहीत. आता पीक निघालं रे निघालं की रोटाव्हेटर फिरतो. ढेकूळ नाही, धसकट नाही, धुरा म्हणजे शेताचा बांध, तोसुद्धा नांगरलेला. यंदा माझी पहिली अंडी त्या रोटाव्हेटरखाली गेली. फार रडले मी. लोक म्हणाले, टिटवी उगीच कोकलायलीय.

मग मी शेताच्या मालकाचा, म्हणजे बन्सीधरचाच स्लॅब गाठला. बांधकामाची उरलेली खडी तिथं पडून होती. म्हटलं, आता हेच आपलं रान. तिथं चार अंडी घातली.

बन्सीधरनं ती पाहिली आणि आ वासला. टिटवी जितकी उंचावर अंडी घालते तितका पाऊस जास्त, असं इकडं सगळेच मानतात. तो बायकोला, बायनाबाईला म्हणाला, "बांधावर घातली तरी नाले भरतेत. ही तर स्लॅबवर चढलीय. औंदा लय पाऊस हाय."

मी जीव तोडून ओरडले, "अरे बाबा, खाली जागा नाही."

"बघ," तो म्हणाला, "तीबी तेच सांगायलीय."

ऊन असं, की अंडी उकडून निघावीत. मी हौदात पोट भिजवून यायची आणि अंड्यांवर बसायची. गावानं तेही पाहिलं. पोट ओलं हाय म्हणजे पाऊस जवळ आला, असं ठरलं. लोकांनी कडबा उंचावर रचला. अर्धं गाव जिना चढून माझा संसार बघून गेलं, एकानं तर हात जोडले.

पंचाईत झाली ती बायनाबाईची. दरसाल तिच्या कुरडया स्लॅबवर वाळायच्या, यंदा नवरा तिला वर फिरकू देईना. चरफडत तिनं खाली अंगणात बाज टाकली आणि तिच्यावर वाळवण घातलं.

पिल्लं निघाली. आमची पिल्लं पहिल्याच दिवशी चालतात, पण उडत नाहीत. स्लॅबवर खायला किडामुंगी नाही, म्हणजे खाली उतरणं आलंच. मी अंगणातून हाका मारू लागले. एकेक पिल्लू कडेला आलं, त्यानं उडी टाकली आणि ते थेट ओल्या कुरडयांत पडलं. चारही वाचली, पण चिकात रुतून बसली.

बायनाबाईनं झाडू उगारला आणि मग खाली ठेवला. मी तिच्या डोक्यावर घिरट्या घालत, टोची मारत होते, तरी तिनं एकेकाचे पाय पदरानं पुसले.

"आवं," ती नवऱ्याला म्हणाली, "पुढल्या साली धुऱ्याकडची एक पट्टी नांगरू नका. घालू द्या हिला तिथं अंडी. मला माझा स्लॅब पायजे."

तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं मला.

बन्सीधरनं डोकं खाजवलं. "अगं, पर ती पट्टी खालच्या अंगाला हाय. तिथं अंडी घातली तर दुष्काळ न्हाई का पडायचा?"

तेव्हापासून मी त्याच्या घरावरून ओरडत फिरतेय. तुमच्यातल्या कुणाला माझं बोलणं कळत असेल, तर त्याला एवढं सांगा, की पावसातलं मला काहीसुद्धा कळत नाही.