आग्नेय कोपऱ्यातली गळती

डाळ निवडत बसलेल्या गिताबाईंच्या पाटाखाली पाणी आलं, तेव्हा त्यांना आधी वाटलं, सुनेनं तांब्या लवंडला. पण सून हर्षदा तर ओट्याशी पीठ चाळत होती. दोघींनी पाण्याचा माग काढला, तर ते स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यातून, फरशीच्या सांध्यांतून बुडबुडत वर येत होतं. वास्तुशांतीच्या वेळी त्याच फरशीखाली वास्तुपुरुष बसवलेला होता.

पाण्यानं दिवसही नेमका बघून धरलेला. दुसऱ्या दिवशी आबांचं, म्हणजे गिताबाईंच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध होतं. पाऊणशे माणसं जेवायला यायची होती. निमोणे गावात नळाला पाणी चार दिवसांआड, म्हणून गच्चीवरची टाकी कालच काठोकाठ भरून घेतलेली, आणि आता तीच फरशीखालून वाहून चाललेली. मुलगा संपत रांजणगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला. फोन गेटवर जमा, त्यामुळे साडेतीनपर्यंत तो असून नसल्यासारखा.

हर्षदानं फोन लावायला सुरुवात केली. शिरूरच्या एका प्लंबरनं व्हिडिओ मागवून घेतला आणि त्यावर नुसता अंगठा टाकून तो गप्प झाला. दुसरा म्हणाला, सोमवारी येतो. पाणी सोमवारपर्यंत दम धरणार, असा त्याचा हिशेब असावा. तिसरा न्हावऱ्याचा जालिंदर. त्यानं बाकी काही न विचारता आधी विचारलं, "टाकीखालचा कॉक बंद केला का?"

"जाम झालाय. फिरतच न्हाई."

"मग जोर लावू नका, तुटंल. टाकीत उतरा आन् तळाच्या पाईपात फडक्याचा बोळा कोंबा. मी निघालोच."

हर्षदा ओढणी कमरेला बांधून जिन्याकडे पळाली. एवढ्या गडबडीतही गिताबाई मागून ओरडल्या, "पाय धुऊन उतर गं, उद्या त्यातच सैपाक हाय." कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तिनं पाईपाचं तोंड पायानं चाचपलं, मग नाक दाबून बुडी मारली आणि बोळा ठासला. खाली कोपऱ्यातलं पाणी हळूहळू दमलं. टाकी निम्मी वाचली होती, पण घरातले नळ आता कोरडे पडले.

अर्ध्या तासात जालिंदर आला. हातोडीच्या दांड्यानं फरशी ठोकत ठोकत तो कोपऱ्यापाशी थांबला. "पाईप हितंच गेलाय. ही फरशी फोडावी लागंल, मावशी."

"दुसरीकडनं फोड."

"दुसरीकडनं फोडून काय करू? गळतंय हितं. न्हाईतर बाहेरनं नवी लाईन टाकू. पर सामान शिरूरवरनं आणायचं, उद्याची दुपार व्हईल."

उद्या दुपारी तर पंगत बसायची होती.

गिताबाईंच्या मनातलं जालिंदरला काय कळणार? लग्न झाल्यापासून चाळीस वर्षं त्यांनी मेंढरांमागं काढली होती. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि कोकणची वाट धरायची. संपतचा जन्मसुद्धा कुणाच्या तरी वावरात, मेंढरं बसवलेली असतानाचा. साठी आल्यावर आबांनी मेंढरं विकली आणि या तीन खोल्या बांधल्या. घर झालं तरी पहिले काही महिने गिताबाईंना पहाटे जाग यायची, आणि आज कुठं निघायचं, असं वाटायचं. मग तो कोपरा डोळ्यांपुढं आणला की जीव थाऱ्यावर यायचा. त्याच्याखाली जे पुरलंय त्यानं घराला धरून ठेवलंय, ते उपसलं की घराचं पुन्हा बिऱ्हाड झालं, अशी त्यांची समजूत होती. आणि घर लाभलं तरी घरधनी दोनच वर्षं लाभला. आता त्याच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी त्याच्याच हातचं उपसायचं?

"आई," हर्षदा ओल्या केसांनी शेजारी येऊन बसली, "सगळं पाणी खालीच मुरलंय. असंच ठेवलं आन् उद्या भिंत खचली तर?"

गिताबाई उठल्या, देव्हाऱ्यातला भंडारा आणून त्यांनी चिमूटभर कोपऱ्यावर वाहिला. बिरोबाचं नाव घेतलं. "फोड बाबा. पर आत हात मी घालनार."

जालिंदरनं छिन्नीनं कडा मोकळ्या केल्या आणि फरशी उचलली. गिताबाईंनी ओल्या मातीत हात घालून वास्तुपुरुषाचं बोळकं बाहेर काढलं आणि पदरात घेतलं. जालिंदरनं खालची माती उकरली. पाईप दिसला, तसा त्याचा हात थांबला.

"ह्यो जोड कुणी केला? प्लंबरचा न्हाई ह्यो."

पाईपाला पहारीचा घाव बसलेला होता. त्यावर एम-सील थापलेलं, त्यावर ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या आणि सगळ्यांवरून लोकरीच्या सुताचे घट्ट वेढे. लोकर कुजली होती, तिथंच पाण्यानं वाट काढलेली. सुताचं टोक शेवटच्या तीन वेढ्यांखाली दडपलेलं होतं.

गिताबाईंनी तो बांध ओळखला. कोकराचा पाय मोडला की आबा कामट्या लावून असाच बांधायचे.

वास्तुशांतीला खड्डा आबांनीच घेतला होता. भटजींची मुहूर्ताची घाई चाललेली. मध्येच आबांनी गिताबाईंना हळदीकुंकू आणायला पिटाळलं, आणि त्या परत येईपर्यंत एकट्यानंच खड्डा बुजवून टाकला. जोडीनं बुजवायचा असतो, म्हणून त्या आठ दिवस रुसल्या होत्या. भरल्या मांडवात वास्तूच्या खड्ड्यात पाईप फुटला म्हणजे अपशकुनच. तो बायकोच्या डोळ्यांना दिसू नये, म्हणून माणसानं तिचा रुसवा पत्करला. त्यानंतर रोज सकाळी ते त्या फरशीवर तळहात टेकायचे. म्हातारा देवाला लागला, असं गिताबाई गावभर कौतुकानं सांगत. ते ओल चाचपत होते.

त्यांना आधी रागच आला. "सांगायचं की वो मला," त्या खड्ड्याकडं बघून म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना. जन्मात दोन वर्षं घर मिळालं, आणि त्यातली एकही सकाळ त्या माणसाची बिनघोर गेली नाही. कोकराचा पाय सांधला की ते बांध सोडून टाकायचे. हा मात्र त्यांना कधीच सोडता आला नाही.

जालिंदरनं फुटका तुकडा कापला, नवा जोड चिकटवला आणि तासभर वाळू दिला. हर्षदानं पुन्हा टाकीत उतरून बोळा काढला. नळाला पाणी आलं, खड्डा कोरडा राहिला.

"बोळकं ठिवा मावशी," जालिंदर थापी हातात घेत हलक्या आवाजात म्हणाला. "लगेच फरशी बसवतो. उद्या भावकीला कळायचं बी न्हाई."

हर्षदाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. गिताबाईंनी मात्र पदरातलं बोळकं सोडलं नाही.

"नगं. उघडंच ऱ्हाऊ दे. उद्या समदी आली म्हंजी तू बी ये. संपत आन् हर्षदा, दोघं जोडीनं ठिवतील, मग बसव फरशी. आन् पाईप कुठनं गेलाय ते बी समद्यांनी बघून घिऊ दे."

"आई, लोक नावं ठेवतील."

"ठिवू दे. ह्यांनी एकट्यानं बुजवलं, आन् मरंस्तवर एकट्यानं राखलं. तुमच्यावर ती पाळी नगं."