हातच सुरू होत न्हाईत

मी ऋतिकाची सॅक बोलतेय. रंग जांभळा, पाठीला दोन पट्टे, आत दोन मोठे कप्पे आणि पुढं एक लहान. माझा जन्म निपाणीतला. तिथल्या एका गाळ्यात शिलाईच्या मशिनी दिवसभर धडधडत असतात, त्यातल्याच एका मशिनीवर माझे तुकडे जोडले गेले. मग पोत्यात कोंबून मला बेळगावला आणलं आणि बाजारात एका दुकानाच्या दारात टांगलं.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात उचगावचे भरमा आपल्या मुलीला घेऊन त्या दुकानात आले. ते मच्छे गावातल्या एका कारखान्यात मशीनवर कामाला होते, घरी थोडी शेतीही होती. मुलगी नववीत जाणार होती. तिनं मला खाली काढायला लावलं, सगळ्या चेनी उघडून बघितल्या आणि म्हणाली, "आप्पा, हीच घेऊया. हिला कप्पे लई हाईत. आता काय हरवायचं न्हाय."

"मागचीबी असंच म्हणून घेतलीस," भरमा म्हणाले. "ती कुठं हाय?"

मागची बसमध्ये राहिली होती. पण त्यांनी मला घेतलं, आणि त्या दिवसापासून ऋतिकाचे आप्पा ते माझेही आप्पा झाले.

माणसं मुलाच्या तोंडाकडं बघून मूल कसं आहे ते ठरवतात. सॅकला तोंड दिसत नाही, पाठ कळते. शाळेचं फाटक जवळ आलं की ऋतिकाची पाठ घामानं ओली व्हायची. आत गेल्यावर आपण काय विसरलोय ते बाहेर पडणार, हे तिला ठाऊक असायचं. काय विसरलोय तेवढं मात्र ठाऊक नसायचं. कधी कंपास, कधी सही करून आणायचा कागद, कधी डबाच. एकदा तर पावसाळ्याच्या तोंडावर छत्री सोडून स्वेटर घेऊन गेली. डबा माझ्यात राहून गेला की दोन दिवसांनी वासानंच सापडायचा.

सगळे म्हणायचे, पोरीला काही पडलेलं नाही. मी तिच्या पाठीला चिकटून होते म्हणून सांगते, तिला फार पडलेलं असायचं.

संध्याकाळी ती अभ्यासाला बसायची तेव्हा मी भिंतीला टेकून असायचे. वही उघडायची, सुंदर अक्षरात शीर्षक लिहायची, खाली पट्टीनं दोन रेघा मारायची. मग पेन तसंच हातात राहायचं. पाच मिनिटांनी ती उठून पाणी प्यायची, वासराला हात लावून यायची, पेनाची रिफिल काढून परत घालायची. आई, म्हणजे पूर्णिमा, काजूच्या कारखान्यातून दमून यायची आणि दारातूनच विचारायची, "झालं काय गं?"

"करतेय की."

"कालपास्नं करतेयस."

उपाय काही कमी झाले नाहीत. डोळे तपासून आणले, डोळे चांगले निघाले. डोकं चालावं म्हणून कडू टॉनिक आणलं. कुणी सांगितलं म्हणून दंडाला दोरा बांधला, तो तिनं हरवला. मोबाईल काढून घेतला, तर ती खिडकीतून बाहेर बघत बसायला लागली. ट्यूशन लावली, आता ट्यूशनच्या वह्याही राहायला लागल्या. आप्पांनी एकदा हात उगारला, पण मारलं नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मग विज्ञान प्रदर्शन आलं. ऋतिका आणि तिची मैत्रीण आरोही, दोघींनी गढूळ पाणी गाळायचं मॉडेल करायचं ठरवलं. कल्पना ऋतिकाचीच होती. बाटली उलटी कापून तिच्यात खडी, वाळू आणि कोळसा भरायचा. आरोहीनं तक्ते रंगवायचे, बाटली ऋतिकानं जोडून आणायची. कितीतरी दिवस हाताशी होते. तिनं नदीची वाळू आणली, ती माझ्यात. खडी धुऊन वाळवली, तीही माझ्यात. चुलीतला कोळसा फुटून माझा आतला कप्पा कायमचा काळा झाला. रोज ती म्हणायची, आज करूया.

प्रदर्शनाच्या सकाळी सगळं सामान माझ्यात होतं. जोडलेलं काहीच नव्हतं. आरोही तक्ते लावून रिकाम्या टेबलापाशी उभी राहिली आणि परीक्षक पुढच्या टेबलाकडं गेले. आरोही ऋतिकाला एवढंच म्हणाली, "तू मला आधी सांगायचं होतंस." मग तिनं तोंड फिरवलं.

त्यांच्या वर्गशिक्षिका चिन्मयी टीचर ऋतिकाला रिकाम्या वर्गात घेऊन गेल्या. त्या रागावणार होत्या. पण ऋतिका रडत रडत एकेक वस्तू माझ्यातून काढून बाकावर ठेवत गेली आणि सांगत गेली. खडी कुठं घालायची, कोळसा काय करतो, वाळू वर का नको. टीचर ऐकत राहिल्या.

"अगं, तुला तर सगळं येतं. सामानही सगळं आहे. मग केलं का नाहीस?"

"टीचर, मला करायचं असतंय. पण हातच सुरू होत न्हाईत. कुठनं सुरू करायचं तेच सापडत न्हाय. मग उशीर होतोय. मग भ्या वाटतंय. मग आणखीनच न्हाय होत."

हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं म्हणा.

टीचरनी आई-आप्पांना शाळेत बोलावलं. आप्पा घरून ठरवूनच आले होते. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "टीचर, हिला दहावीला बसवायचं न्हाय आता. आईबरोबर काजूला जाऊ दे. उगच तुमालाबी तरास आन आमालाबी."

मी ऋतिकाच्या मांडीवर होते. तिनं माझा पट्टा इतका घट्ट धरला की शिवण करकरली.

टीचर म्हणाल्या, "भरमाअण्णा, ती आळशी नाही. मलाही तसंच वाटत होतं. काम आखायचं, सुरू करायचं आणि शेवटाला न्यायचं, इथंच तिचं अडतंय असं मला दिसतंय. हे ओळखणारी माणसं असतात. एकदा दाखवून या, मग काय ते ठरवा."

"दाखवायचं म्हंजे? पोरगी वेडी हाय व्हय?"

"डोळे दाखवून आणलेत ना? तसंच."

आईच म्हणाली, "जाऊया की. दोऱ्याला गेलो, तर हितं जायला काय झालं?"

बेळगावातल्या मोठ्या दवाखान्यात त्यांचा पहिला फेरा फुकट गेला. मुलांच्या मनाचे डॉक्टर ठरावीक वारीच बसायचे आणि त्या दिवशी तो वार नव्हता. आप्पांनी पगार कापून घेऊन रजा काढली होती. दुसऱ्या वेळी डॉक्टर भेटले. त्यांनी कानडीत बरंच विचारलं, आप्पांनी तुटक कानडीत उत्तरं दिली. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, औषध लागेल की नाही ते पुढं बघू, आधी समुपदेशकांना भेटा. त्या मराठी बोलतात.

त्या अदिती मॅडम. त्यांनी ऋतिकाला एकच विचारलं, "सकाळी उठल्यापासून बस पकडेपर्यंत काय काय होतं, ते मला सांग. घाई नाही."

ऋतिका सांगायला लागली. मोजे आणायला आत जायचं, तिथं पुस्तक दिसलं की ते माझ्यात घालायचं आठवायचं, पुस्तक हातात घेऊन बाहेर यावं तर आई डबा भर म्हणायची, डबा भरताना पुस्तक ओट्यावर राहायचं, मग बसचा हॉर्न ऐकू यायचा आणि मोजा एकाच पायात. आई हसायला लागली. आप्पा मात्र हसले नाहीत. ते जमिनीकडं बघत होते.

"ही माझंच सांगायलीय," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे?"

"मॅडम, मीबी असाच होतो. मास्तर रोज बाकावर उभा करायचं. नववीत शाळा सोडली. घरात सांगितलं, शेती करायचीय म्हणून."

ऋतिका त्यांच्याकडं बघतच राहिली. आप्पांना शाळा आवडत नव्हती, असंच तिला आजवर माहीत होतं.

"आता कारखान्यात कसं सांभाळता?" मॅडमनी विचारलं.

"तितं काय अवघड न्हाय. नट आवळायचे पाने टांगायला भिंतीवर फळी हाय. परत्येक पान्याचा आकार रंगवलाय. मोकळा आकार दिसला की कळतंय, कायतरी राहिलं."

मॅडम म्हणाल्या, "मग हिच्यासाठीही तसंच काहीतरी बाहेर लावायचं. डोक्यात ठेव म्हणून ओरडून ते डोक्यात राहत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. बुद्धी चांगली आहे तिची. हे कौशल्य काही मुलांत उशिरा येतं, आणि शिकवून येतं. अभ्यासाचे बारके तुकडे करा. पहिला तुकडा इतका लहान की हसू यावं. आणि सुरुवातीला कुणीतरी नुसतं जवळ बसा."

आप्पांनी रविवारी प्लायवूडची फळी आणली. ऋतिकानं मला तिच्यावर टेकवलं आणि आप्पांनी माझ्याभोवती पेन्सिलीनं रेघ ओढली. मग डब्याभोवती, कंपासभोवती, बसच्या पासाभोवती. त्यात पांढरा रंग भरला. या घरात आल्यापासून मी कॉटखाली, दाराआड, कधी गोठ्यातसुद्धा पडून राहिले होते. आता मला एक जागा झाली.

फळी लागली आणि काहीही बदललं नाही. आठवडाभर कंपास राहत होता तसाच राहिला. आई चिडली, "एवढं करूनबी?" आप्पा फळी काढायला निघाले. तेव्हा ऋतिका म्हणाली, "आप्पा, ती आतल्या खोलीत हाय. आत गेल्यावर मला ती दिसतीय, बाहेर आलं की संपलं. चपला घालतो तितं पायजे."

फळी दाराशी, चपलांच्या वर आली. मग मात्र फरक दिसायला लागला, रोज नाही, पण बऱ्याच दिवशी.

अभ्यासाला जवळ बसायचं काम आईकडं आलं. बोलायचं नाही, नुसतं बसायचं. आई लसूण सोलत बसायची. ऋतिकाचं पेन थांबलं की आईचे ओठ हलायचे, मग ती ओठ दाबून आणखी लसूण घ्यायची. त्या वर्षी घरात सोललेला लसूण फार झाला, शेजारी वाटावा लागला. पहिला तुकडा ऋतिका स्वतःच ठरवायची. कधी एकच गणित. कधी नुसता प्रश्न उतरून काढायचा. ते झालं की हात आपोआप पुढं जायचे, निदान पुष्कळदा.

शाळेत चिन्मयी टीचर तिच्याकडून प्रकल्प तुकड्या-तुकड्यानं घ्यायला लागल्या. गणिताच्या सरांनी मात्र साफ नाही म्हटलं. सगळ्यांना एकच नियम, ते म्हणाले, आणि शेवटपर्यंत तसेच राहिले.

आणि मधे सगळं घसरलंही. दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर आप्पांची रात्रपाळी लागली, आई माहेरच्या लग्नाला गेली, आणि पंधरवडाभर कुणी फळीकडं बघितलं नाही. ऋतिकानं तीन विषयांचं काहीच दिलं नाही. "सगळं पाण्यात गेलं," आप्पा म्हणाले. आवाज चढलाच होता. मग मधेच थांबले, जोडे काढून तिच्या शेजारी जमिनीवर बसले. "बरं. आज एकच काय करायचं, सांग."

तिनं मला पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "सॅक रिकामी करूया." दोघांनी मला उलटं केलं. वाळूचे कण अजून निघत होते.

दहावीत ती पास झाली. गणितात काठावर, विज्ञानात वर्गात दुसरी. आरोही पेढे घेऊन घरी आली. दोघी ओसरीवर बसून प्रदर्शनाबद्दल बोलल्या, थोड्या भांडल्यासुद्धा, आणि मग पेढे संपवले.

आता ऋतिका बेळगावात डिप्लोमाला जाते. मला तिनं सोडलं नाही, वर्कशॉपचा ॲप्रन माझ्यात असतो. पण मागच्या महिन्यात माझी मोठी चेन तुटली आणि तिनं मला कॉलेजजवळच्या मष्णूअण्णांच्या दुकानात दुरुस्तीला दिलं. चेन बसून कधीच झाली. मी अजून इथंच खिळ्याला आहे.

काल मष्णूअण्णांनी चिठ्ठीवरच्या नंबरला स्पीकरवर फोन लावला. आप्पांनी उचलला.

"सॅक कवाचीच तयार हाय हो. नेताय न्हवं?"

"अरे देवा! ऋतिका, सॅक तू आणणार होतीस न्हवं?"

लांबून तिचा आवाज आला, "तुम्हीच आणतो म्हणलासा!"

मग बाप आणि लेक दोघंही हसायला लागले, असे की मष्णूअण्णांनाही हसू आलं.

"रविवारी येतो मालक," आप्पा म्हणाले.

"घरचं समदंच इसराळू दिसतंय," फोन ठेवून मष्णूअण्णा मला म्हणाले.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर माझं एक ऐका. ओरडायच्या आधी त्याला विचारा, कुठं अडतंय. सांगता आलं नाही तर ओळखणाऱ्याकडं घेऊन जा, आणि पहिला फेरा फुकट गेला तरी दुसरा मारा. लेकराला सोडू नका.

ते या रविवारी येतील की पुढच्या, मला सांगता यायचं नाही. मी वाट बघतेय. त्या हसण्यात राग नव्हता, ते मी खिळ्यावरून नीट ऐकलंय.